जन्मस्थान: अक्कलकोट

२२ जानेवारी १९३४, सोमवार

स्वित्झर्लंडच्या इस्पितळातून डॉक्टरांचे पत्र दुपारच्या टपालाने आले. इंग्रजी बरे आहे, फक्त क्रियापदे जिथे नकोत तिथे जाऊन बसली आहेत. गुरुलिंगाचे डावे फुप्फुस कामातून गेले. उजव्यालाही लागण आहे. ताप उतरत नाही. घरचे कोणी येऊ शकत असेल तर त्याने उन्हाळ्याची वाट पाहू नये.

पत्र मी दोनदा वाचले आणि क्रियापदे मनातल्या मनात जागेवर लावली. दुसरे काही सुचले नाही.

गुरुलिंग माझा भाचा, धाकट्या बहिणीचा, रत्नम्माचा एकुलता एक. कापड विणण्याचे शास्त्र शिकायला मँचेस्टरला गेला, कारण सोलापुरात कापड विणणारे कमी पडत होते. तिथल्या धुक्यात छाती धरली. तिथल्या डॉक्टरांनी डोंगरावर, स्वित्झर्लंडला पाठवला.

रत्नम्मा मागच्या पडवीत शेंगा फोडत होती. मी तिला मराठीत सांगितले. आई गेल्यापासून आम्ही कानडी फक्त भांडताना वापरतो.

"कवा निघायचं?" ती म्हणाली.

"मी निघेन. इंग्रजी येते, फ्रेंचही थोडे येते. तू तिथे जाऊन काय करणार?"

ती शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, "अक्का, तिकडं थंडी लई असंल."

२४ जानेवारी

अण्णाराव येऊन गेला. नव्या पेठेत आगबोटींच्या तिकिटांची एजन्सी चालवतो. त्याची बायको शाळेत माझ्या हाताखाली शिकलेली. तो म्हणाला, "बाई, आमच्या घरात अजून पोरं रडली की तुमचं नाव सांगतात." हे त्याने कौतुक म्हणून सांगितले.

नियम त्याने असा समजावला. आगबोट मुंबईहून निघते ती इटलीत, जिनोव्हा बंदरात लागते. तिथून आगगाडीने स्वित्झर्लंड. ब्रिटिश पासपोर्ट असला की दोन्ही देशांचा व्हिसा लागत नाही. पासपोर्टावर त्या देशांची नावे तेवढी घातलेली हवीत. मग तीन महिने खुशाल फिरावे.

"मी फिरायला जात नाही," मी म्हटले.

"त्यांच्या लेखी जो नोकरीला जात नाही तो फिरायलाच जातो, बाई. दुखण्यासाठी वेगळा रकाना नाही."

"आणि ज्याच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट नाही त्याने काय करायचे?"

"त्याला नुसती इटली ओलांडायची म्हटली तरी व्हिसा पाहिजे. आणि तो देतात केव्हा? पुढच्या देशाचा आधी हातात असंल तर. म्हणजे हा पाहुणा आमच्याकडं मुक्काम टाकणार नाही, अशी खात्री. पण आपल्याला त्याचं काय? आपण सम्राटाचे प्रजाजन."

हे मला आवडले. नियम म्हणजे असा असावा, शिवणीसारखा, सरळ.

२७ जानेवारी

अर्ज भरला. मी लिहायला बसले तशी रत्नम्मा समोर येऊन बसली.

"माझा बी भर की."

"कशाला?"

"नुसता भरून ठेव. काय पोटात दुखतंय का तुझ्या?"

तिला शांत करायचे म्हणून तिचाही भरला. तिने सही केली, तीन अक्षरांना जवळजवळ माझ्या अर्ध्या अर्जाइतका वेळ लावला.

दुपारी छबी काढायला गेलो. छायाचित्रकार म्हणाला, कपाळ दिसले पाहिजे, पदर मागे घ्या. रत्नम्मा म्हणाली, कपाळाला विभूती हाय, तेवढी दिसली म्हंजे बास, बाकी कपाळ सगळ्यांचं सारखंच असतंय. त्याने तशीच काढली. माझ्या छबीत मी कोणावर तरी रागावलेली दिसते. मी कोणावरही रागावले नव्हते.

१ फेब्रुवारी

कलेक्टर कचेरी. चिटणिसापुढे दोघींनी शपथ घेतली, की वर लिहिलेले सर्व खरे आहे. त्याने माझे कागद चाळले आणि विचारले, "जन्मस्थान अक्कलकोट?"

"होय."

"नक्की?"

मी त्याला सांगितले, की मी तिथे हजर होते. तो हसला नाही. अर्ज मुंबईला जातील.

उत्तर येईपर्यंत थांबायचे. रत्नम्मा लोकरीचे काहीतरी विणते आहे. ते गुरुलिंगाला पुरेल की नाही तिला माहीत नाही, कारण तो किती वाळला आहे ते माहीत नाही. म्हणून ती तसेच मोठे विणते.

५ फेब्रुवारी

गुरुलिंगाचे पत्र आले नाही. पूर्वी आठवड्याला येई, मला, इंग्रजीत, आणि शेवटी एक ओळ, आईला सांगा मी बरा आहे. ती ओळ मी तिला नेहमी सांगत असे. बाकीचे पत्र तिला कळण्यासारखे नसे.

आज तिने विचारले, "पहिल्यांदी मोठी मोठी पत्रं यायची, त्यात काय लिवत होता गं?"

मी म्हटले, यंत्रांविषयी.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

कचेरीतून बोलावणे आले. रत्नम्माचा पासपोर्ट आला. निळा पुठ्ठा, आत तिची विभूती. इटली, स्वित्झर्लंड, फ्रान्स, सगळे देश ओळीने घातलेले.

माझा आला नाही. चिटणिसाने कागद वाचून दाखवला. अर्जदार ही अक्कलकोट संस्थानात जन्मलेली, सबब ती ब्रिटिश प्रजाजन नसून ब्रिटिशांच्या संरक्षणाखालील व्यक्ती आहे. तिचा अर्ज संस्थानांच्या खात्यामार्फत आला पाहिजे. गेल्या सालापर्यंत अक्कलकोटचे ते काम इथेच होत असे, आता कोल्हापूरला जाते.

मी विचारले, "मला कोणापासून संरक्षण?"

तो म्हणाला, ते यात लिहिलेले नाही.

आमची आई अक्कलकोटची. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत. तिला गाडीत घालून तिकडे नेली, मी झाले, आणि बारशाचा पाळणा म्हणून झाल्यावर परत आणली. रत्नम्मा पुष्कळ वर्षांनी झाली. तोवर आजी वारलेली, माहेरी डिंकाचे लाडू करायला कोणी उरले नव्हते, म्हणून ती इथेच, मंगळवार पेठेतल्या घरात. दोन्ही गावांत बैलगाडीचा एका दिवसाचा प्रवास. अकराव्या वर्षी नवरा गेल्यावर वडिलांनी मला पुण्याला नन्सच्या शाळेत घातले, ते सोडले तर मी जन्मभर सोलापूरची. नोकरी सरकारी शाळेत केली. रोज प्रार्थनेनंतर पोरींकडून राजाचे गाणे म्हणवून घेतले, बेसूर म्हणणाऱ्या पोरींना बाकावर उभे केले. आता कळते की तो माझा राजा नव्हता, फक्त रखवालदार होता.

राग येतो आहे असे लिहिले पाहिजे. खरे म्हणजे घरी येऊन मी अर्जाची नक्कल काढली आणि चूक शोधत बसले, एवढेच.

१४ फेब्रुवारी

अण्णाराव सकाळीच आला. तो आता नियम आनंदाने समजावत नाही. माझ्यासारखीला बिनव्हिशाची सवलत लागू नाही. इटलीचा वकील, म्हणजे त्या सरकारचा मुंबईतला माणूस, व्हिसा देईल तो स्वित्झर्लंडचा आधी पाहून. स्वित्झर्लंडचा वकील देईल तो इस्पितळाचा दाखला पाहून. दोघे देतील ते पासपोर्टावर, आणि पासपोर्ट कोल्हापुराहून कधी येईल ते कोणाला सांगता येत नाही. आगबोट पुढच्या गुरुवारी सुटते. त्यानंतरची फार लांब.

मग त्याने खुर्ची पुढे ओढली.

"बाई, एक सांगू का? अर्जात चूक झाली म्हणून अ‍ॅफिडेव्हिट करायचं. जन्म सोलापूरचाच, घाईत चुकून आजोळचं नाव पडलं. दोन साक्षीदार मी आणतो. कचेरीत माझा माणूस आहे, मुंबईला तार करंल. बुधवारपर्यंत पासपोर्ट हातात."

"पण माझा जन्म अक्कलकोटचा आहे."

"असंल की. दाखला कुणाकडं आहे?"

"माझ्याकडे आहे. मला माहीत आहे."

रत्नम्मा दारात उभी होती. म्हणाली, "अक्का, आई काय आता सांगायला येती का? लिव की सोलापूर. कुणाचं काय जातंय?"

मी म्हटले, शपथ घेतली आहे. एकदा खरे सांगून पुन्हा शपथेवर खोटे सांगायचे, हे माझ्याने व्हायचे नाही. नन्सनी मला दुसरे काही शिकवले नसेल पण हे शिकवले.

अण्णाराव गेल्यावर ती कानडीत बोलू लागली. तेव्हा मला कळले, की हे भांडण आहे.

"तुला भ्या वाटतंय का?" तिने विचारले. हे मी मराठीत लिहिते.

"कसले भय? नियम आहे."

"नियम न्हवं. त्याला बघायचं भ्या."

नियम मी केलेला नाही.

१५ फेब्रुवारी

रत्नम्मा म्हणते, ती एकटी जाणार.

मी तिला सगळे सांगितले. तिला इंग्रजी येत नाही. काटा-चमचा येत नाही. ती मोहोळच्या पुढे एकदाच गेली आहे, तीही लग्नाच्या वऱ्हाडात. आगबोटीत मांसाच्या भांड्यातलाच चमचा भातात घालतील.

"भाकरी न्हेते की कडक करून. चटणी न्हेते. म्हैनाभर काय होत न्हाय त्येला."

"आणि वाटेत कोणी काही विचारले तर?"

"सांगंन."

"कोणत्या भाषेत?"

"इच्यारणाराला गरज असंल तर त्यो समजून घेईल."

अण्णारावने जिनोव्हाच्या धक्क्यावरच्या दलालाला तार केली आहे. तो तिला उतरवून गाडीत बसवून देईल. जिनोव्हापर्यंत एक पारशी बाई त्याच बोटीने चालली आहे, ती लक्ष ठेवील म्हणते.

मला अजून वाटते, की हे शेवटच्या क्षणी थांबेल.

१९ फेब्रुवारी

दिवसभर भाकरीचा वास. तिने थापून, भाजून, उन्हात पसरल्या आहेत. गच्चीवर पाय ठेवायला जागा नाही.

मी तिला इंग्रजी शिकवायला बसवले. चार वाक्ये. तिने पहिली दोन पाठ केली आणि म्हणाली, बाकीची ऱ्हाऊ दे, येवढी इसरायच्या आत पोचंन. इतकी वर्षे शिकवले, पण इतकी बेफिकीर विद्यार्थिनी मला मिळाली नव्हती. इतकी शांतही नव्हती.

२२ फेब्रुवारी, मुंबई

बॅलार्ड पिअर. एका रेषेपर्यंत पोचवायला आलेल्यांना येता येते, पुढे फक्त पासपोर्टवाले. शिपायाने रत्नम्माचा पासपोर्ट उघडला, तिच्याकडे पाहिले, मिटला, आणि जा म्हणाला. मला म्हणाला, बाई, तुम्ही इथे थांबा.

तिने हिरवे इरकल नेसले होते आणि वरून गुरुलिंगाचा जुना कोट. पाठमोरी ती आईसारखी दिसते. माझ्या हे आधी कधी लक्षात आले नव्हते.

ती मागे वळून पाहील असे वाटले. पेट्या मोजणाऱ्या हमालाशी ती मराठीत हुज्जत घालत होती, तशीच जिना चढून गेली.

२५ फेब्रुवारी

घरी. गिरणीचा भोंगा झाला की उठायचे, एवढे ठरलेले आहे. पुढचे ठरलेले नाही. भात एका माणसाला किती टाकतात ते मला येत नाही. रोज उरतो.

कोल्हापूरला पत्र टाकले. त्यात मी कोणाच्या संरक्षणाखाली आहे ते नीट लिहिले.

२ मार्च, शुक्रवार

तार आली. गुरुलिंग काल पहाटे गेला.

तारवाला उभा होता. मी सही केली. त्याने पेन्सिल परत मागितली, ती माझ्या मुठीत राहिली होती.

मग भांडी घासली.

दुपारी अण्णाराव आला. त्याने हिशेब केला, आगबोट आज सुएझच्या आसपास असेल. बोटीवर बिनतारी संदेश जातो. "कळवायचं ना?" त्याने विचारले.

मी तारघरात गेले. कागदावर इंग्रजीत वाक्य लिहिले. शब्द बरोबर होते. मग असे झाले, की मला तो संदेश पोचलेला दिसू लागला. तिला तो वाचता येणार नाही. कोणी गोरा कारकून तिच्यासमोर उभा राहून वाचील, ती त्याच्या तोंडाकडे बघेल. मग तो पारशी बाईला शोधेल. ती बाई जेवायला बसली असेल.

मी अण्णारावला विचारले, "आता आजारी कोणी नाही. तिला तिकडे उतरू देतील का? ती भेटायला म्हणून चालली आहे."

"बाई, त्या नियमात कशाला चालला ते विचारलेलंच नाही. पासपोर्ट बघतात, शिक्का मारतात."

मी कागद फाडला. दुसरा घेतला आणि इस्पितळाला तार केली, आई वाटेत आहे, ती येईपर्यंत ठेवा.

तिला न कळवणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. मला कोणी विचारलेले नाही.

४ मार्च

समाजातली माणसे भेटायला येतात. मी त्यांना चहा देते. एक म्हातारी म्हणाली, "रडून घे बाई, बरं वाटंल." तिला सांगितले, पाणी उकळते आहे.

रत्नम्मा आज भूमध्य समुद्रात असेल. तिथे पाणी शांत असते असे भूगोलात शिकवत असे. मी ते पाहिलेले नाही. डेकवर बसून भाकरी मोडत असेल. अजून तीन दिवस तिचा मुलगा आहे.

हे बरोबर केले की नाही ते मला समजत नाही. पान लिहून झाले की समजेल असे वाटले होते.

८ मार्च

इस्पितळाची तार. आई पोचली. पुढचे पत्राने.

म्हणजे इटलीने तिला येऊ दिले, स्वित्झर्लंडने येऊ दिले. कोणी काही विचारले नाही. मीच एकटी अशी होते, की जिला विचारावे लागले.

११ मार्च

आमच्यात माणसाला जाळत नाहीत. आडवेही निजवत नाहीत. मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर त्याचे गळ्यातले इष्टलिंग ठेवतात, आणि तसाच मातीत ठेवतात, पूजेला बसल्यासारखा. हे तारेत लिहायचे मला सुचले नाही. फ्रेंचमध्ये ते कसे म्हणतात हेही मला माहीत नाही. आता उशीर झाला. त्यांनी त्यांच्या पद्धतीने लांब पेटी केली असेल.

शेजारच्या कोणीतरी विचारले, तिकडे विधीला जंगम मिळेल का. मी म्हटले, नाही.

२१ मार्च, बुधवार

इस्पितळाच्या मुख्य परिचारिकेचे पत्र विमानाच्या टपालाने आले. इंग्रजी साधे आहे. ती लिहिते ते मी जसेच्या तसे उतरून ठेवते.

रत्नम्मा डोंगरावरच्या गाडीतून उतरली तेव्हा बर्फ पडत होते. तिच्या कोटाला दलालाने पत्त्याची चिठ्ठी टाचली होती. तिला कसे सांगावे यासाठी डॉक्टर शब्द शोधत होते. तिने खोलीत पाहिले. पलंगावर कोरी चादर घातलेली होती. ती चादरीवरून हात फिरवत थोडा वेळ उभी राहिली, मग तिने खुणेने पाणी मागितले. त्याला तिनेच आंघोळ घातली. तिने विणलेले त्याला घातले, ते फार मोठे झाले. कपाळाला राख लावली.

पेटी आणली तेव्हा तिने झाकणावर हात ठेवला आणि मान हलवली. कोणाला काही कळेना. तेव्हा ती त्या खोलीत जमिनीवर बसली, मांडी घालून, पाठ ताठ, डावा हात मांडीत उघडा ठेवून, डोळे मिटून. त्याच्याकडे बोट केले, पुन्हा स्वतःकडे केले, आणि पुन्हा डोळे मिटले.

गावचा अधिकारी आला. त्याच्याजवळ दफनभूमीच्या नियमांचे पुस्तक होते. खड्डा किती लांब, किती खोल, पेटी कशी, सगळे त्यात होते. त्याने ते तिला मोठ्याने वाचून दाखवले, आधी फ्रेंचमध्ये, मग जर्मनमध्ये. ती उठली नाही. तो जेवून आला, तेव्हाही ती तशीच बसलेली होती. परिचारिका लिहिते, आम्ही तिच्या खांद्यावर घोंगडी टाकली, ती तिला कळलीही नसावी. दिवे लागायच्या सुमारास अधिकाऱ्याने पुस्तक मिटले आणि सुताराला बोलावले. सुताराने गुडघे टेकले आणि मांडी घालून बसलेल्या रत्नम्माचे माप घेतले. डोक्यापासून जमिनीपर्यंत, एका गुडघ्यापासून दुसऱ्यापर्यंत. गुरुलिंग तिच्याच उंचीचा होता.

चौकोनी पेटी केली. त्यात तो बसून गेला.

पत्र मी दोनदा वाचले. या वेळी जागेवर लावण्यासारखे काही नव्हते.

मी गेले असते तर मला फ्रेंच येत होते. त्या माणसाने नियम वाचून दाखवला असता, आणि तो मला समजला असता.